खालचा मजला

भाडेकरू ठेवायचा तर बदलीवाला ठेवावा, हा आमच्या घरचा नियम. नियम मी केला, आणि तो किती शहाणपणाचा आहे हे आमच्या मराठी मंडळातल्या निम्म्या बायकांना मीच ऐकवलंय. कलकत्त्यात भाडेकरू एकदा आत शिरला की निघत नाही. शेजारच्या दत्तबाबूंकडे खालच्या मजल्यावर जे कुटुंब आहे, त्यांचे आजोबा भाड्याने आले होते. आता नातवाचं लग्न झालं, आणि दत्तबाबू अजून स्वतःच्याच घरात मागच्या दाराने ये-जा करतात. म्हणून सासू-सासरे गेल्यानंतर आमचा खालचा मजला आम्ही फक्त बदलीवाल्या मराठी लोकांना देत आलो. बँकवाले, विमा कंपनीवाले, एकदा हवामान खात्यातले एक गृहस्थ. तीन वर्षं झाली की वरून ऑर्डर येते, ट्रक येतो, बाई डोळे पुसत किल्ली हातात ठेवते आणि जाताना कुंड्या नि तुळस मला देऊन जाते. भांडण नाही, कोर्टकचेरी नाही. करारनामासुद्धा आम्ही नावापुरता करायचो. बदलीची ऑर्डर हाच आमचा करारनामा.

तर ह्या माझ्या नियमाचे कसे तीनतेरा वाजले, ते सांगते.

देवस्थळी आले तेव्हा मला फार आवडले होते. मिहीर एका सरकारी कंपनीत इंजिनियर, बायको मुग्धा घरीच असते, आणि एक मुलगी, ओवी. मुग्धा पहिल्याच दिवशी वर येऊन वाकून नमस्कार करून गेली. मी तिला वरण कुठल्या दुकानातल्या डाळीचं चांगलं होतं, मासळीवाल्याला दारात उभं का करू नये, झाडूवाल्याला किती डोक्यावर चढवावं, सगळं सांगितलं. गुणी होती. तक्रार म्हणाल तर नेहमीच्याच. एसीला पाईप काढायला भिंतीला भोक पाडलं ते एवढं मोठं की त्यातून चिमणी संसार करून गेली. न्हाणीघरातलं पाणी मुरून माझ्या जिन्याखालच्या भिंतीला ओल आली. लोखंडी गेट रात्री कोणी लावायचं, ह्यावरून कुरबुर. घरमालकीण व्हायचं म्हणजे हे आलंच. लोकांना वाटतं, बरंय बाई, बसल्या जागी भाडं येतं. बसल्या जागी! पंप बंद पडला, चल खाली. मीटर बघायला माणूस आला, चल खाली. नळ ठिबकतो, चल खाली, मग प्लंबरला घेऊन चल गच्चीवर. बसायला मिळालं असतं तर आणखी काय हवं होतं!

मग गेल्याच्या आदल्या वर्षी एकाच महिन्यात दोन गोष्टी झाल्या. हे न्हाणीघरात घसरून पडले, आणि मिहीरची गुवाहाटीला बदली झाली.

हे म्हणजे मुकुंद, माझे यजमान. खिदिरपूरला डॉकवर कस्टम्समध्ये उभी हयात काढली. निवृत्त झाल्यावर रोज सकाळी गुळगुळीत दाढी करायची, कडक इस्त्रीचा सदरा घालायचा आणि डमडम स्टेशनच्या वाटेवरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसायचं. तिथे ह्यांच्याच वयाचे चार बंगाली म्हातारे. फुटबॉल, सरकार, हिलसा माशाचा भाव, एकमेकांची औषधं, कशावरही भांडायचे. हे बंगालीत भांडायला लागले की मला गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायचं. असा माणूस. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, ते उत्तम झालं. पाड्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, क्लबच्या पोरांनी खुर्चीत बसवून, चौघांनी उचलून वर आणलं, आणि तेव्हापासून हे वर ते वरच.

डॉक्टर म्हणाले, रोज चालवा. सपाट जमिनीवर, बाहेर, गल्लीत. जिना मात्र बिलकूल नको. आमचा जिना सासऱ्यांनी बांधलेला, जागा वाचवायच्या नादात उभा आणि मधेच वळणारा. धडधाकट माणूस तिथे कठड्याला धरून चढतो. मग चालायचं कुठे? खोलीतून व्हरांड्यात, व्हरांड्यातून खोलीत. चार दिवस चालले. मग म्हणायला लागले, 'उद्या चालू.' मग दाढी एक दिवसाआड झाली. मग आठवड्याने. टपरीवरचे म्हातारे सुरुवातीला वर भेटायला यायचे, पण एकाला दमा, दुसऱ्याचं हृदय नाजूक. जिना चढून आले की अर्धा वेळ धापाच टाकायचे. तेही थांबले. दुर्गापूजेत तर हद्द झाली. गल्लीच्या तोंडाशी मांडव, ढाकाचा ढोल असा वाजतोय की खिडकीची तावदानं थरथरतायत, आणि हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला. मला म्हणाले, 'खिडकी लाव.' पाड्याच्या पूजेत ज्याने अष्टमीच्या भोगाचा प्रसाद कधी चुकवला नव्हता, तो खिडकी लाव म्हणाला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

पुढच्या वेळी डॉक्टर घरी तपासायला आले तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "असेच बसून राहिले ना, तर पाय आखडेल. मग पलंगावरून उठायचे नाहीत. तुमच्याकडे खालचा मजला आहे ना?"

आहे ना! माझा स्वतःचा, माझ्या सासऱ्यांच्या घामाचा, दारातून पाऊल टाकलं की गल्ली. आणि भाडेकरूची बदली झालेली. मी म्हटलं, देवाला काळजी. ट्रक कधी येतो ह्याची वाट बघत बसले.

ट्रक आलाच नाही. मिहीर एक सूटकेस घेऊन एकटाच गेला.

"काकू, ओवीची दहावी आहे," तो जाताना मला म्हणाला. "कंपनी परवानगी देते, मुलाचं बोर्डाचं वर्ष असलं की कुटुंब जुन्या जागी राहू शकतं. फक्त परीक्षा होईपर्यंत. मग आम्ही हललोच."

आता पोरीच्या दहावीला नाही म्हणणारी मी कोण? मराठी माणसासाठी दहावी म्हणजे काय असते हे मला कोणी सांगायला नको. घरात टीव्ही बंद, पाहुणे बंद, मोठ्याने हसणं बंद. मी ह्यांना म्हटलं, काही महिन्यांचा प्रश्न आहे, कळ काढा. ह्यांनी नुसती मान हलवली. मी कळ काढली. वर ओवीला परीक्षेच्या दिवसांत रोज दहीसाखर दिली हातावर. माझ्याच हाताने!

परीक्षा झाली. उन्हाळा गेला. आणि एक दिवस मुग्धा संदेश मिठाईचा डबा घेऊन वर आली. "काकू, ओवीला त्याच शाळेत अकरावीला ॲडमिशन मिळाली!"

माझ्या हातातला संदेश हातातच राहिला. "अकरावी म्हणजे," मी म्हटलं, "मग बारावी?"

"हो ना," ती म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं. चेहरा पडला. "काकू, आता मधेच शाळा बदलली तर तिचं फार नुकसान होईल हो. तिकडे तिला कोणी ओळखत नाही..."

मी तोंडावर काही बोलले नाही. हेच तर आमचं चुकतं. बंगाली घरमालकीण असती तर तिथल्या तिथे गल्ली जमवली असती. आम्हाला भीड. आपलं माणूस, परक्या गावात, उद्या मंडळात गणपतीला शेजारी बसायचंय, मोदकाचं सारण एका परातीत कालवायचंय. मी म्हटलं, "बरं." डबा फ्रिजमध्ये ठेवला. रात्रभर तळमळले, आणि सकाळी ठरवलं की भीड गेली खड्ड्यात.

आमचा मुलगा क्षितिज बंगळूरला असतो. त्याला फोन केला. त्याचं मराठी अर्धं इंग्रजी, पण अक्कल पूर्ण चालते. तो म्हणाला, "आई, इतकं काय टेन्शन घेते? सिंपल आहे. त्यांना वर पाठव, तुम्ही खाली जा. अदलाबदल."

मला स्वतःचाच राग आला. एवढं साधं माझ्या डोक्यात का आलं नाही? खरं सांगू? मालकीण म्हणून आलं नाही. मालक वर, भाडेकरू खाली, अशीच रीत बघितलेली. आपल्या डोक्यावर भाडेकरू धप्प धप्प चालणार, आपल्या व्हरांड्यात त्यांचे कपडे वाळणार, माझ्या ओट्यावर दुसरी बाई फोडण्या घालणार, हे मनाला पटेना. पण नवऱ्याच्या पायापुढे ओटा काय मोठा आहे का? घातली चप्पल, गेले खाली.

मुग्धाचा चेहरा असा खुलला! "खरंच काकू? वर? तो व्हरांडा आम्हाला?" तिने लगेच ओवीला हाक मारली. वर वारा येतो, उजेड आहे, पोरीला अभ्यासाला कोपऱ्याची खोली. मी म्हटलं, भाडं तेच, एक पैसा वाढवणार नाही. ती मोजपट्टी घेऊन माझ्यामागून वर आली आणि खिडक्यांची मापंसुद्धा घेऊन गेली. ह्यांना मी सगळं सांगितलं. हे पेपर वाचत होते. म्हणाले, "बघू." ह्यांचं 'बघू' मी काही मनावर घेतलं नाही. मी कपाटं रिकामी करायला घेतली.

दोन दिवसांनी मुग्धा आली ती दारातच उभी राहिली. आत येईना. "काकू, आम्ही नाही येत वर."

"का ग?"

"नाही म्हणजे... वर उकडतं. गच्चीची उष्णता असते. ओवीला अभ्यासाला त्रास होईल."

"उकडतं?" मी म्हटलं. "माझ्या नवऱ्याला आणि मला चाळीस वर्षं उकडलं नाही ते तुझ्या पोरीला उकडणार? परवा तर वारा येतो म्हणून नाचत होतीस!"

ती माझ्याकडे बघेना. "सॉरी काकू," एवढंच म्हणाली आणि निघून गेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच. वर मापं काय घेतली, पडदे काय ठरवले! मिहीरने फोनवरून कान भरले असणार, मी म्हटलं. वर गेलं तर कंपनीकडून काही कमी मिळत असेल, नाहीतर खालच्या जागेवर कायमचा डोळा असेल. दत्तबाबूंचं मागचं दार मला दिसायला लागलं.

त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं टाकलं. जिन्यात भेटली की तोंड फिरवायचे. मंडळात हळदीकुंकवाला सगळ्यांच्या देखत म्हणाले, "हल्ली लोकांना घर भाड्याने दिलं की आंदण दिलं असं वाटतं." तिने ऐकलं. वाण घेतलं आणि लवकर निघून गेली. मला जराही वाईट वाटलं नाही. वर माझा माणूस दिवसेंदिवस उशीसारखा मऊ होत चालला होता, आणि मी हिच्या मनाची काळजी करू?

शेवटी क्लब गाठला. आमच्या पाड्यात नवरा-बायकोचं भांडण असो, गटाराचं असो की भाडेकरूचं, आधी क्लबात जातं. तिथला तपन, केस पांढरे झाले तरी सगळ्यांचा तपनदा, त्यानेच ह्यांना खुर्चीत उचलून वर आणलं होतं. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "माशीमा, काळजी करू नका. आधी मेशोमशाईंशी बोलतो, मग खाली बोलतो." वर येऊन त्याच्या मेशोमशाईंजवळ, म्हणजे ह्यांच्याजवळ, बसला. मी चहा टाकायला गेले. चहा घेऊन येते तो दोघं गप्प. तपनने चहा घेतला, ह्यांच्या पाया पडला, आणि मला जिन्यात येऊन हळूच म्हणाला, "माशीमा, ह्यात क्लब पडणार नाही. आधी घरातल्या घरात मीटिंग करा."

"घरात कसली मीटिंग? भाडेकरू खाली आहे!" मी म्हटलं. तो उतरून गेला. हाही त्यांना फितूर, असं मला वाटलं. मुग्धा क्लबला वर्गणी सढळ हाताने देते, हे मला ठाऊक होतं.

मी एकटी पडले होते. माझ्या गुडघ्यांचं नाव मी काढत नाही, घरात एक पेशंट पुरे, पण त्या दिवसांत त्यांनीही वैर धरलं होतं. दूधवाला खाली, भाजीवाला खाली, औषधाचं दुकान खाली, आणि हे वर. एकदा म्हटलं, टोपली दोरीने सोडते, तर भाजीवाला सडके टोमॅटो घालून मोकळा. ह्यांना काही विचारलं तर 'बघू' आणि 'उद्या' ह्याशिवाय तिसरा शब्द नाही. व्यायाम घ्यायला मुलगा यायचा त्याला ह्यांनी परस्पर 'नको येऊस' सांगितलं. मी बोलले तर पेपर तोंडासमोर.

मग काल सकाळी मी ते केलं. क्षितिज मागेच एकदा चेष्टेत म्हणाला होता, पाणी बंद कर, आपोआप जातील. मला ते पाप वाटलं होतं. भाडेकरूचं पाणी तोडणं म्हणजे अगदी खालची पातळी. पण नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. सकाळी सकाळी गच्चीवर गेले. टाकीपासून खालच्या मजल्याकडे जाणारा वेगळा व्हॉल्व्ह आहे. गंजला होता. दोन्ही हातांनी पिळून बंद केला, गच्चीच्या दाराला कुलूप घातलं, खाली आले आणि पोहे भिजवायला घेतले.

थोड्याच वेळात जिन्यात धाडधाड पावलं वाजली. मुग्धा. हातात टॉवेल, बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या.

"काकू, पाणी सोडा! ओवीच्या डोक्यात शांपू आहे. तिची शाळेची बस येईल, आज पेपर आहे तिचा!"

"मग गुवाहाटीला भरपूर पाणी आहे. ब्रह्मपुत्रा आहे तिथे," मी म्हटलं.

"काकू!"

"काकू काय? मी तुला काय कमी केलं ग? घर सोड म्हटलं, नाही. वर ये म्हटलं, नाही. माझ्या नवऱ्याचा पाय कायमचा जाणार आहे, कळतंय का तुला? एक माणूस तुझ्या हट्टापायी..."

"माझ्या हट्टापायी?" ती ओरडली. मुग्धा ओरडू शकते हे मला काल कळलं. "मला यायचंच होतं वर! पडद्याचं कापड आणून ठेवलंय मी, अजून कपाटात पडलंय. काकांनी सांगितलं मला नाही म्हण म्हणून!"

पोह्यांची चाळणी माझ्या हातात होती. ती मी ओट्यावर ठेवली.

"तुम्ही बाजारात गेला होतात," ती म्हणाली. आता तिचा आवाज फुटला होता. "त्यांनी व्हरांड्यातून हाक मारली. मी वर आले तर त्यांनी माझ्यापुढे हात जोडले, काकू. म्हणाले, सरलाला काहीही सांग, पण तू वर यायला तयार होऊ नकोस, आणि मी सांगितलं हे तिला कळू देऊ नकोस. वडिलांच्या वयाचा माणूस हात जोडतोय, मी काय करणार होते? तेव्हापासून तुमचे टोमणे खातेय. हळदीकुंकवाला सगळ्यांच्या समोर... आता बास. पाणी सोडा."

मी गच्चीची किल्ली खिळ्यावरून काढून तिच्या हातात दिली. "तूच सोड," म्हटलं. ती गेली, व्हॉल्व्ह उघडून आली, किल्ली परत खिळ्याला लावली आणि माझ्याकडे न बघता खाली उतरली.

मी आतल्या खोलीत गेले. हे खिडकीशी खुर्चीत, पेपर तोंडासमोर. सगळं ऐकलं होतं, कारण पेपर हलत नव्हता.

"खाली ठेवा तो," मी म्हटलं.

ह्यांनी ठेवला.

"वर्षभर मी त्या पोरीशी कुत्र्यामांजरासारखी भांडतेय. चारचौघांत तिला नाही नाही ते बोलले. क्लबात गेले. आज तिचं पाणी तोडलं मी, पाणी! कोणासाठी? आणि तुम्ही माझ्या पाठीमागे तिला हात जोडता? अहो, बोलायला तोंड नव्हतं का तुम्हाला? नको म्हणायचं होतंत मला!"

"तू ऐकलं असतंस?" हे म्हणाले.

"का नको पण? का? खाली गेलात तर चालाल, गल्लीत जाल, टपरीवर जाल. डॉक्टर..."

"बाबा खाली गेले तेव्हा काय म्हणाले होते, आठवतंय तुला?" ह्यांनी माझं बोलणं तोडलं. "चार दिवस खाली झोपतो, ताकद आली की येतो वर. पलंग तूच लावून दिलास. तिथेच गेले. मग आई गेली, त्यांच्यामागे, त्याच खोलीत." ह्यांचे हात मांडीवर होते, ते एकमेकांत गुंतवले. "ह्या घरात जो खाली उतरला, तो परत वर आलेला मी बघितला नाही, सरला. वर असलो की मला वाटतं, अजून काहीतरी होईल. बरा होईन, एक दिवस उतरेन जिना. खाली गेलो की ते संपलं. मग उरलं काय?"

मला त्यांची कीव आली. खरंच आली. घरातल्या माणसाला इतकी भीती वाटतेय आणि मला पत्ता नाही. पण कीव आली तशीच तिच्या पाठोपाठ अशी चीड उसळली की मी पलंगावर मटकन बसले आणि जे बोलले, ते बोलायचं मी ठरवलेलं नव्हतं.

"मग तुमच्यासाठी नका येऊ," मी म्हटलं. "माझ्यासाठी चला."

"म्हणजे?"

"म्हणजे मला हा जिना झेपत नाही हो! मोडलेत माझे गुडघे. बाजारातून आले की वळणावर बसते मी, पिशवी मांडीवर घेऊन. तुम्हाला वाटतं सरला कोणाशी तरी गप्पा छाटत उभी आहे. अहो, मी जिन्यात बसलेली असते! परवा तर चार पायांवर चढले, पोरासारखी, कोणी बघत नाही ना बघून. तुम्ही वर बसून बरे व्हायची वाट बघताय, आणि तोवर मी काय करू?"

हे माझ्याकडे बघत राहिले. माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या पायांकडे. साडीच्या निऱ्यांखाली काय दिसणार होतं? तरी बघत राहिले.

"कधीपासून?" ह्यांनी विचारलं.

"तुम्ही पडलात त्याच्या आधीपासून."

"बोलली नाहीस."

"कधी बोलू? पेपरशी बोलू?"

खाली मुग्धाच्या न्हाणीघरात पाणी पडल्याचा आवाज येत होता. मी डोळे पुसले नाहीत. पुसायचेही कष्ट नको झाले होते. मग ह्यांनी हात लांब करून वॉकर ओढला. व्यायामवाल्या मुलाला हाकलल्यापासून त्याला हात लावला नव्हता. दोनदा प्रयत्न फसला, खुर्चीत परत बसले. मी उठायला लागले तर म्हणाले, "बस तू." तिसऱ्यांदा उभे राहिले. पाऊल टाकत, थांबत, व्हरांड्यापर्यंत गेले. कठडा धरला.

"मुग्धा!" ह्यांनी हाक मारली. कित्येक महिन्यांत मी तो आवाज ऐकला नव्हता. "ए मुग्धा! तुम्ही वर या राहायला! आम्ही खाली येतो!"

तेवढ्यात विमानतळावर उतरणारं एक विमान घरावरून घरघरत गेलं. खालून काही उत्तर नाही. हे वळून माझ्याकडे बघायला लागले, नेहमीसारखे. निरोप सांगायला जिना उतरायचं काम माझं असतं ना.

"ऐकू नाही गेलं तिला," मी म्हटलं. "परत हाक मारा." आणि मी बसून राहिले.